शॉकअपवाली की हायब्रिड? कॉलेजला रोज न्यायची सायकल

भाचा यंदा सयाजीराव विद्यापीठात जाणार. दांडिया बाजारातून सायकलनेच जाईन म्हणाला, तेव्हा मनापासून बरं वाटलं. पण दुकानात जाऊन आला तो शॉकअपवाल्या एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, जीव जडवून. शेजारच्या हायब्रिडबद्दल, म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीच्या सायकलबद्दल, म्हणाला, "मामा, तशीच आहे, फक्त शॉकअप नाही."

दिसायला सारख्याच, खरं आहे. दोन्हींना सरळ हँडल, दोन्हींना गिअर. पण एमटीबी दगडमातीच्या वाटांसाठी घडवलेली. टायर दोन इंचांच्या आसपास रुंद आणि दातेरी. डांबरावर ते दाते घूंऽऽ आवाज करतात आणि तुमची ताकद खातात. हायब्रिडचा टायर अरुंद, जवळजवळ गुळगुळीत. त्यात हवा जास्त दाबाने भरता येते.

शॉकअपचं दुकानातच करून बघा. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार टाका, शॉकअप खाली दबेल. पॅडलवर उभं राहून जोर मारला की तसंच होतं, आणि थोडा जोर तिथेच मुरतो. आपलं बडोदं सपाट. काळा घोडा चौकाकडे जाताना विश्वामित्रीच्या पुलाचा तेवढा काय तो चढ. मग शॉकअपचं जास्तीचं वजन रोज वाड्याच्या पायऱ्यांवरून कशाला उचलायचं? खड्ड्यांचे धक्के शॉकअप सोसतो, हे मात्र कबूल. पण तुमचा रस्ता अगदीच उखडलेला असेल, तरच त्याचा विचार करावा.

टायरच्या कडेला उठावात आकडे असतात, ते जरूर वाचा. 37-622 म्हणजे टायर 37 मिमी रुंद आणि रिमवर बसतो तिथला व्यास 622 मिमी. 26 इंची एमटीबीला दुसरा आकडा 559 असतो. 29 इंची एमटीबीला मात्र 622च, म्हणजे 700सी (हायब्रिडच्या चाकाचं नेहमीचं माप) इतकाच! त्यामुळे 29 इंची आधीच घेतली असेल तर सायकल विकू नका. रिमच्या रुंदीला चालेल असा गुळगुळीत टायर चढवा, बराच फरक पडेल. आजोबांच्या काळ्या 28 इंचीचा आकडा 635, तिचा टायर यांतल्या कुठल्याच रिमवर बसत नाही.

उद्या भाच्याबरोबर मीही दुकानात जातोय. मडगार्ड आणि कॅरिअरच्या स्क्रूंसाठी फ्रेमला आट्यांची भोकं आहेत का, ते बोटाने चाचपून बघायचंय. पाऊस तोंडावर आलाय आणि दप्तर जड आहे.