नेकचा बाक आणि तारांची उंची: ट्रस रॉड कधी, सॅडल कधी

दहा-बारा हजारांची इलेक्ट्रिक गिटार घरी आली की आठवड्याभरात बोटं तक्रार करू लागतात. तारा फार वर आहेत, एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा) लागतच नाही. विचारलं की कुणीतरी हमखास सांगतं, "ट्रस रॉड आवळ, तारा खाली येतील." ट्रस रॉड म्हणजे नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याच्या, आत बसवलेली आवळता येणारी सळई. माझ्या पहिल्या गिटारवर मीही तेच केलं. मधल्या भागात तारा जराशा खाली आल्या, म्हणून अजून पाव फेरा दिला, मग अजून एक. बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) पुढे तारा होत्या तिथेच राहिल्या आणि पहिल्या तीन फ्रेटवरचा प्रत्येक सूर झणझणू लागला. गिटार चांगली होती. नेकचा बाक आणि तारांची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

बाकाला वादकांच्या बोलीत रिलीफ म्हणतात आणि उंचीला ॲक्शन. रिलीफ म्हणजे नेकला लांबीच्या दिशेने असलेलं किंचित खोलगट वळण. ॲक्शन म्हणजे फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतचं अंतर. रिलीफ ट्रस रॉडने बदलतो, ॲक्शन सॅडलने, म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजमध्ये तार ज्यावर टेकते त्या छोट्या तुकड्याने. गोंधळ होतो तो एवढ्यासाठी, की रिलीफ बदलला की उंचीही थोडी बदलते. उलट मात्र होत नाही: सॅडल कितीही वरखाली करा, नेकचा बाक जवळपास होता तसाच राहतो.

ट्रस रॉड मुळात कशासाठी आला ते पाहिलं की बरंच उलगडतं. नऊ ते बेचाळीसच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) हलक्या तारांचा संच नेहमीच्या ट्यूनिंगला लावला, तर सहा तारा मिळून नेकला सुमारे ३८ किलोच्या जोराने ओढतात. दहा ते शेहेचाळीसचा संच असेल तर सुमारे ४६ किलो. हा ताण वर्षानुवर्षं सोसणारं लाकूड पुढे वाकतं. म्हणून १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी नेकच्या आत आवळता येणारी सळई बसवण्याची पद्धत काढली. फेंडरच्या १९५०मधल्या अगदी सुरुवातीच्या गिटारांना ही सळई नव्हती. नेक वाकू लागल्यावर ती घातली गेली. म्हणजे तारांच्या ओढीला उलट जोर देऊन नेकचा आकार राखणं हे या सळईचं काम. तारा बोटांना सोप्या करणं हे तिचं काम कधीच नव्हतं.

मग नेक सरळसोट का ठेवत नाहीत? छेडलेली तार मध्यावर सर्वांत रुंद हलते. तिथे थोडी मोकळी जागा लागते, ती हा बाक देतो. फेंडर पद्धतीच्या नेकला साधारण ०.२५ मिलिमीटर बाक पुरतो. मोजायचं असं: गिटार पूर्ण सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती ताणलेली तारच तुमची फुटपट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामधली फट बघा. गाड्यांचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात ते फिलर गेज इथे उत्तम चालतं, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. ०.२५चं पान तार न हलवता जेमतेम सरकलं की बाक बरोबर. फट अजिबात नसेल तर रॉड ढिला करायचा, जास्त असेल तर आवळायचा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवळतो. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून मगच मोजायचं. जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबा.

चावीबद्दल कळकळीने सांगतो. रॉडच्या तोंडाचं माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हे आधी तपासा. पाव इंचाच्या निम्म्या, म्हणजे १/८ इंचाच्या खाचेत ३ मिलिमीटरची ॲलन की आत जाते, पण सैल बसते आणि कडा झिजवते. एकदा तोंड गोल झालं की पन्नास रुपयांच्या चावीपायी अख्खा नेक बाद होतो.

आता ॲक्शन. १९५४मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजवर प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल होतं, आणि आजच्या बहुतेक स्वस्त गिटारांनी तोच घाट उचलला आहे. सॅडलच्या दोन बारीक स्क्रूंनी तार वरखाली होते. फेंडर सतराव्या फ्रेटवर मोजायला सांगतं आणि ९.५ ते १२ इंच त्रिज्येची गोलाई असलेल्या फ्रेटबोर्डला (फ्रेट बसवलेल्या फळीला) १.६ मिलिमीटर हे माप देतं. इथे साधं त्रैराशिक उपयोगी पडतं. तारेचं एक टोक नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, स्थिर आहे, म्हणून सॅडल १ मिलिमीटर खाली घेतलं तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बरोबर अर्ध्या लांबीवर, तार अर्धा मिलिमीटर खाली येते. सतराव्यावर सुमारे ०.६. पहिल्या फ्रेटवर जवळपास काहीच नाही. ट्रस रॉडचा परिणाम मात्र मधल्या भागात दिसतो, आणि नेक बॉडीला जिथे स्क्रूने जखडलेला असतो तिथे तो जवळजवळ संपतो. माझ्या गिटारवर बाराव्याच्या पुढे काही हललं नाही, त्याचं कारण हेच.

म्हणून झणझण कुठे होते यावरून रोग ओळखा. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच होत असेल तर बाक कमी आहे किंवा नेक उलटा वाकला आहे. रॉड ढिला करा. वरच्या फ्रेटवर होत असेल तर बहुधा सॅडल फार खाली आहे. एकाच फ्रेटवर होत असेल तर पुढचा फ्रेट उचलला गेलेला असतो, त्याला या दोन्हींचा इलाज नाही. आणि झणझण नसून फक्त पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड जड जात असतील, तर नटच्या खाचा उथळ आहेत. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढीच फट दिसायला हवी. एफ न लागण्याचं कारण बहुतेकदा हे असतं, आणि बिचाऱ्या ट्रस रॉडला उगाच पिळलं जातं.

तंबोऱ्यात हीच झणझण आपल्याला हवी असते. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात, तार घोडीच्या उतारावर घासत वाजावी म्हणून खाली दोरा सरकवतात. गिटारच्या फ्रेटवर तार घासली की तोच गुण दोष ठरतो, कारण इथे तो आपण लावलेला नसतो.

क्रम कधीच बदलू नका: आधी सूर, मग रिलीफ, मग ॲक्शन, शेवटी सॅडल मागेपुढे करून इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. सॅडल आधी लावलं आणि रॉड नंतर फिरवला तर सगळं पुन्हा करावं लागतं. नऊच्या तारा काढून दहाच्या लावल्या की दोन्ही गोष्टी एकदम बिघडतात, कारण वाढलेल्या ओढीने नेक जास्त वाकतो आणि तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगांवर तोललेला, दांडीने हलणारा ब्रिज) असेल तर ब्रिजही मागून उचलला जातो. अशा वेळी आधी मागच्या झाकणाखालच्या क्लॉचे, म्हणजे स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे, स्क्रू आवळून ब्रिज जागेवर आणायचा, त्यानंतर रॉडला हात लावायचा.

बाक बरोबर आहे, सॅडल पार तळाला टेकलेत, तरी तारा वरच, अशी अवस्था स्वस्त गिटारांत पुष्कळदा आढळते. इथे खरंच एक बदल करावा लागतो: नेक सोडून त्याच्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, लाकडाची पातळ पाचर घालायची. अर्ध्या मिलिमीटरची पाचर सॅडलपाशी सुमारे २ मिलिमीटरचा फरक पाडते, तेव्हा जाड घालू नका.

ही कामं झाल्याशिवाय पिकअप (तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलायला पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. झणझणणारी तार महागड्या पिकअपमधूनही झणझणतच ऐकू येते.

स्वस्त गिटारांच्या फ्रेटबोर्डवर हल्ली इंडियन लॉरेल लिहिलेलं दिसतं. तो आपल्या सह्याद्रीतला ऐन. २०१७पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, आणि त्यानंतर हे लाकूड गिटारांवर जास्त दिसू लागलं. ऐन असो की शिसव, लाकूड पावसाळ्यात ओल धरतं आणि थंडीत सोडतं, आणि प्रत्येक नेक आपापल्या परीने हलतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर एकदा आठव्या फ्रेटवरची फट मोजून कुठेतरी लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा सहा वर्षांच्या नोंदी आहेत, आणि सॅडलला मी त्यातल्या चार वर्षांत हातही लावलेला नाही.