दोन साप एका पेटीत ठेवता येतील का?

पेटीची चौकशी करायला येणाऱ्यांपैकी बरेच जण हा प्रश्न विचारतात. "जरा मोठी पेटी घेतली तर दोघे राहतील ना?" आमचं उत्तर आहे, ठेवू नका. आम्ही साप पाळायच्या पेट्या बनवतो. एकाऐवजी दोन घ्या असं सांगण्यात आमचाच फायदा आहे, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून नुसता नकार न देता कारणंही इथे देत आहोत. ती पटल्यावर पेटी तुम्ही घरी फळ्या जोडून बनवलीत तरी आमची हरकत नाही. फक्त प्रत्येक सापाला स्वतंत्र द्या.

"पण ते तर एकमेकांना बिलगून झोपतात"

एका ग्राहकांनी आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवला होता. दोन बॉल पायथन, लपायच्या एकाच डब्यात, एकाच्या वेटोळ्यावर दुसऱ्याचं वेटोळं. त्यांना त्यात माया दिसत होती. आम्ही डबा कुठे ठेवलाय ते पाहिलं. तो गरम बाजूला होता आणि अख्ख्या पेटीत तेवढाच होता. ऊब आणि अंधार या दोन्ही गोष्टी दोघांनाही हव्या होत्या आणि दोन्ही एकाच जागी मिळत होत्या, म्हणून दोघे तिथे कोंबून बसले होते. खालच्या, लहान सापाबद्दल विचारलं तेव्हा कळलं की त्यानं दोन महिने उंदराला तोंड लावलेलं नाही. वेगळ्या पेटीत गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो जेवला.

कुत्र्यांचं किंवा मांजरांचं पटत नसेल तर घरभर कळतं. सापांचं कळत नाही. साप गुरगुरत नाही, बहुधा दुसऱ्याला चावतही नाही. बलवान साप नुसता चांगली जागा धरून बसतो आणि दुसरा मुकाट्यानं बाजूला होतो. सापाचं अन्न बाहेरच्या उबेवर पचतं, त्यामुळे ही साधी गोष्ट राहत नाही. बॉल पायथनला गरम बाजू साधारण 31 ते 33 अंश सेल्सिअस लागते आणि थंड बाजू 25 ते 27. पोटात उंदीर असताना जो सतत थंड बाजूला ढकलला जातो त्याचं पचन मंदावतं. मग तो खाल्लेलं ओकतो किंवा खाणंच सोडतो. मालकाला वाटतं साप नखरे करतोय.

एकट्या सापाला करमत नसेल ही काळजी मनातून काढून टाका. आपण पाळतो त्यातले बहुतेक साप एकेकटे राहणारे आहेत. त्यांना हवी असते लपायला जागा, योग्य तापमान आणि स्वच्छ पाणी.

गिळण्याचा धोका

किंग स्नेक दुसरे साप खातो, तो त्याचा नेहमीचा आहारच आहे. रॅटलस्नेकच्या विषाचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. मिल्क स्नेक त्याच्याच कुळातला. या दोघांच्या बाबतीत चर्चेलाही जागा नाही. दोन किंग स्नेक एकत्र ठेवले तर एक दिवस पेटीत एकच, पोट फुगलेला साप सापडण्याची शक्यता खरी आहे.

"आमचे कॉर्न स्नेक आहेत, ते कुठे साप खातात?" बरोबर आहे, पण अपघात त्यांच्यातही होतो. पेटीत उंदीर टाकला, एकानं तो तोंडाकडून धरला, दुसऱ्यानं शेपटीकडून. सापाचे दात घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे धरलेलं सोडणं त्याला जड जातं. दोघे गिळत गिळत मधे येतात, तोंडाला तोंड भिडतं आणि मोठ्याचा जबडा पुढे सरकतच राहतो. यात गिळला जाणारा तर मरतोच, गिळणाराही दगावू शकतो.

खाऊ घालताना दोघांना वेगळं करायचं, असा तोडगा पुष्कळजण सुचवतात. त्यानं हा अपघात टळेल, पण जेवून आलेल्या सापाच्या अंगाला उंदराचा वास असतो आणि पेटीतला दुसरा त्या वासावर झेप घेऊ शकतो. शिवाय पोट भरलेल्या सापाला उचलून हलवलं की तो ओकण्याची भीती असते. खाल्ल्यावर निदान 48 तास त्याला हात लावू नये, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. दोघे एका पेटीत असले की हे पाळणं अवघड होऊन बसतं.

ओकलं कुणी?

आमच्या मते सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि याच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. सकाळी पेटी उघडली आणि कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला दिसला. कुणाचा? विष्ठा पातळ आहे, कुणाची? कात तुकड्यातुकड्यांत निघाली आहे, कुणाची? साप आजारी पडला की आपल्याला कळायच्या मुख्य खुणा याच असतात. एका पेटीत दोन साप असले की याच खुणा वाचता येत नाहीत. डॉक्टरांनी विचारल्यावर आपण नुसते अंदाज सांगत बसतो.

दरम्यान पाण्याचं भांडं सामायिकच असतं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापाच्या जठराला सूज आणतो, साप वारंवार ओकतो, वाळत जातो. त्यावर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. बोआ (अजगरासारखा साप) आणि पायथनमध्ये इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार आढळतो. बोआ वरवर ठणठणीत दिसत असतानाही तो अंगात बाळगून असू शकतो. पायथनला तोच आजार झाला तर मान वाकडी होणं, तोल जाणं अशी लक्षणं लवकर दिसतात. माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, तर एका रात्रीत या अंगावरून त्या अंगावर जातात. पाण्याच्या भांड्यात मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके बुडालेले दिसले, तर आधी तीच शंका घ्या.

म्हणून नवीन साप आणला की निदान 90 दिवस तो दुसऱ्या खोलीत ठेवा. चिमटा, भांडं, पुसायचं फडकं सगळं त्याचं वेगळं. रोजचं काम आधी जुन्या सापाचं करा, मग नव्याचं.

नर, मादी आणि वेगळ्या जाती

विकत घेताना सांगितलेलं लिंग चुकीचं निघणं काही दुर्मीळ नाही. पुरती वाढ न झालेली मादी नराबरोबर राहिली तर लहान वयातच अंडी धरते आणि अंडी अडकून तिच्या जिवावर बेतू शकतं. मादी शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते, त्यामुळे वेगळं केल्यावरही लगेच निर्धास्त होऊ नका. दोन नर असतील तर विणीच्या काळात झटापट होते.

दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवण्याचा विचारच नको. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पहिल्याला जास्त ऊब आणि दमट हवा लागते, दुसऱ्याला दोन्ही कमी. मधलं काहीतरी ठेवलं तर दोघांचेही हाल.

अपवाद आहे का?

आहे, गार्टर स्नेकचा. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे चुनखडीच्या भेगांमध्ये हे साप हजारोंनी एकत्र हिवाळा काढतात. अनुभवी पाळणारे सारख्या आकाराचे गार्टर एकत्र ठेवतातही. पण खाण्यावरून झोंबाझोंबी त्यांच्यातही होते आणि घास भरवताना प्रत्येकावर नजर ठेवावी लागते. पहिल्यांदाच साप पाळणाऱ्याला आम्ही हे सुचवत नाही.

मधे फळी घालून एका पेटीचे दोन भाग करून द्या, अशीही मागणी येते. ते आम्ही करत नाही. फटीतून माइट जातात, एका बाजूची उष्णता दुसरीकडे झिरपते आणि दोन्ही अर्ध्या भागांत गरम आणि थंड असा फरक राखायला पुरेशी लांबी उरत नाही.

आधीच एकत्र ठेवले असतील तर

स्वतःला दोष देत बसू नका. अनेकांना विकतानाच तसं सांगितलेलं असतं. दुसरी पेटी तयार करा, थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक राखणारं उपकरण) लावून निदान दोन दिवस तापमान स्थिर राहतंय का ते पाहा आणि मगच साप हलवा. नीट खाणारा, तगडा साप नव्या पेटीत न्या. अशक्त असेल त्याला ओळखीच्या जागी राहू द्या. दोन्ही पेट्यांत गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक, असे लपायचे दोन-दोन डबे हवेत.

पहिला आठवडाभर हाताळू नका, पाणी तेवढं बदला. त्यानंतर दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारख्या काट्यावर वजन करा आणि प्रत्येकाच्या वेगळ्या पानावर तारीख, वजन, काय खाल्लं, विष्ठा कधी झाली हे लिहा. वजन सलग घटत असेल, साप पुन्हा ओकला किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे न्या आणि ती वही बरोबर घेऊन जा.