आधी चेहरा, मग सांधे: गेममधल्या पात्रांच्या फिगर पारखण्यामागचा इतिहास

व्हिडिओ गेममधल्या पात्राची फिगर, म्हणजे प्लास्टिकची छोटी प्रतिकृती, हातात आली की जाणकार संग्राहक ती एका ठरावीक क्रमानं बघतो. आधी चेहरा आणि डोळे, मग रंगाच्या कडा, मग सांधे, प्लास्टिक आणि शेवटी खोका. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीकडची जी मुलं आज कुरियरनं फिगर मागवतात, तीही साधारण याच क्रमानं जातात. हा क्रम कुणी एकानं बसवलेला नाही. गेल्या साठेक वर्षांत दर टप्प्यावर या खेळण्यात काहीतरी कमी पडत गेलं, घेणाऱ्याच्या ते नजरेत आलं आणि तपासायच्या गोष्टींत एकेकीची भर पडली. कोकणात या गोष्टींत पावसाळ्याची आणखी एक कसोटी आहे. तिच्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलं आहे, कारण बाहेरच्या जाणकारांच्या लिखाणात ती फारशी सापडत नाही.

घडवलेली आकृती पारखणं कोकणाला नवं नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत चितारी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची खेळणी आणि फळं-भाज्या केल्या, लाखेच्या कामाचे पाट केले, गंजिफांचे पत्ते रंगवले. तिथला लाकडी आंबा घेताना गिऱ्हाईक देठाजवळची हिरव्याची पिवळ्यात मिसळत गेलेली छटा बघतं. ती साधली नसेल तर आंबा खाली ठेवला जातो. गणपतीच्या शाळेत तर ही पारख घरोघरी होते. नागपंचमीच्या आगेमागे पाट नेऊन दिला की पुढं येता-जाता शाळेत डोकावायचं, माती किती चढली, सोंडेचं वळण कसं आलं ते बघायचं. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि ते काम शाळेतला सगळ्यात मुरलेला हातच करतो. बाकी मूर्ती कितीही सुबक असो, डोळे बोलके नसले तर घरातली म्हातारी माणसं लगेच सांगतात, 'चेहऱ्यावर भाव नाही उतरला.' फिगरच्या जगात नेमकी हीच कसोटी पहिल्या क्रमांकावर यायला बरीच वर्षं लागली. तिथली सुरुवात वेगळ्या टोकाकडून झाली होती.

अमेरिकेत 1964 साली हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. बारा इंचांचा, कापडी गणवेश घातलेला, गुडघे-कोपरं वळणारा. तेव्हाचा प्रश्न एवढाच होता की तो उभा राहतो का, बसतो का, हातात बंदूक धरतो का. 1978 पासून केनर कंपनीच्या स्टार वॉर्सच्या पावणेचार इंची फिगर आल्या आणि हे खेळणं खिशात मावायला लागलं. 1982 मध्ये हॅस्ब्रोनं जी. आय. जो त्याच मापात आणला, पण सांधे कमी केले नाहीत. आत एक रबरी रिंग, तिच्यावर धड आणि पाय एकमेकांना ताणून धरलेले, आणि पाठीत एक स्क्रू. पुढच्या वर्षी दंडाला गोल फिरणारा सांधा मिळाला.

आपल्याकडची ओळख इथून सुरू होते. एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल उभी राहिली. तिचा एक कारखाना गोव्यात, म्हणजे याच किनाऱ्यावर. हॅस्ब्रोच्या साच्यांतून काढलेले जी. आय. जो नव्वदच्या दशकात भारतभर विकले गेले. मूळ अमेरिकन फिगरशी त्यांचे रंग जुळत नसत, कधी एकाच्या धडाला दुसऱ्याचे हात येत, आणि आज परदेशातले संग्राहक नेमक्या त्याच वेगळेपणासाठी त्या शोधतात. ज्यांनी त्या लहानपणी खेळल्या त्यांना दोष तोंडपाठ आहेत. अंगठा मोडायचा. दोन पायांमधला तुकडा तडकायचा. रबरी रिंग वाळून तुटली की सैनिकाचे दोन भाग हातात यायचे. आणि किनाऱ्यावरच्या घरांत पाठीतला स्क्रू गंजायचा, प्लास्टिकवर तांबूस डाग उतरायचा. सांधे, जोड आणि धातूचे भाग आधी तपासायची सवय एका अख्ख्या पिढीला या खेळण्यांनी लावली.

गेममधली पात्रं या धंद्यात नीट आली ती नव्वदच्या दशकात. 1993 मध्ये हॅस्ब्रोनं स्ट्रीट फायटर 2 मधली पात्रं काढली, तीही जी. आय. जोच्या मालिकेतच, आणि त्यांतल्या बऱ्याच पात्रांना जुन्या सैनिकांच्याच साच्यातले हातपाय होते. वर डोकं तेवढं नवं. पुढच्या वर्षी मॉर्टल कॉम्बॅटच्या पात्रांनाही तोच न्याय मिळाला. आज असं कुणी केलं तर संग्राहक हात लावणार नाहीत, पण तेव्हा ते खपलं. माझ्या मते त्याचं कारण पडद्यावर होतं. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ 16 बाय 16 ठिपक्यांच्या चौकटीत बसायचा. त्याला टोपी आणि मिशी मिळाली तीच मुळी एवढ्याशा ठिपक्यांत केस आणि तोंड दाखवता येत नव्हतं म्हणून. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेमवर पिवळ्या कॅसेटी घालून मुलं खेळायची, तेव्हा पात्राचं नाक कसं आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. मूळच धूसर असेल तर नक्कल हुबेहूब आहे की नाही हे ठरवणार कसं? मूर्तिकार कॅसेटच्या वेष्टनावरचं चित्र बघून मनानं चेहरा घडवायचा आणि घेणारा कपड्यांच्या रंगावरून पात्र ओळखायचा.

हे चित्र पालटलं ते गेम यंत्रांची ताकद वाढली तेव्हा. प्लेस्टेशनच्या काळात पात्रांना घडीव अंग आलं. त्याच सुमारास कॉमिक्स चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांच्या कंपनीनं, जी 1994 मध्ये सुरू झाली होती, फिगरच्या घडणीचा दर्जा एकदम वर नेला. कपड्याची चुणी, चामड्यावरचे ओरखडे, बोटांची नखं हे सगळं दिसायला लागलं. मेटल गिअर सॉलिड या गेमची पात्रंही त्यांनी केली. मात्र या फिगर ताठ असत. जशा घडवल्या तशाच छान दिसायच्या. हात जरा हलवला की तोल आणि डौल दोन्ही जायचे. घडण श्रेष्ठ की हालचाल, हा संग्राहकांमधला मोठा वाद तिथं पेटला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. 2002 मध्ये टॉय बिझ कंपनीच्या मार्व्हल लेजंड्स या सुपरहिरोंच्या फिगरनी बोटांपासून पावलापर्यंत सांधे दिले, आणि मग गेमच्या पात्रांकडूनही तेवढीच अपेक्षा व्हायला लागली. स्ट्रीट फायटरचा लढवय्या लाथ मारायच्या पवित्र्यात एका पायावर उभा राहत नसेल तर तो कसला लढवय्या, असं म्हणणारे लोक तयार झाले. मला त्यांचं म्हणणं पटतं. गेममधलं पात्र आपण स्वतः हलवलेलं असतं. त्याचं धावणं, उडी मारणं, वळणं बोटांच्या लक्षात असतं. सिनेमातल्या पात्राचा पुतळा चालून जातो, गेममधल्या पात्राचा चालत नाही.

तोडगा जपानकडून आला. कायोदो कंपनीनं 2006 मध्ये रेव्होल्टेक मालिका काढली. तिच्या सांध्यात दाते असत, वळवला की कट-कट आवाज करत जागच्या जागी पक्का बसायचा. 2008 मध्ये मॅक्स फॅक्टरीची फिग्मा मालिका आली. तिच्यात बारीक सांधे, बदलायचे चेहरे आणि पंजे, आणि पाठीत अडकवायचा दांडा असलेला स्टँड असे. पुढं याच मालिकेत लिंक आणि सामस ही निन्टेन्डो या गेम कंपनीची पात्रं आली, आणि सांधा दिसू न देता हालचाल देणं ही नवी कसोटी ठरली.

चेहऱ्याची गोष्ट मात्र सगळ्यात उशिरा सुटली. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळे काढायचे तर कारखान्यात टॅम्पो छपाई वापरली जायची. मऊ सिलिकॉनचा गोळा कोरलेल्या पाटीवरची शाई उचलतो आणि चेहऱ्यावर टेकवतो. एकेका रंगाला एकेक टेकणं. त्यात केसभर चूक झाली की बुबुळ पापणीवर चढतं आणि नायक तिरळा दिसतो. दुकानाच्या फळीवर एकाच पात्राच्या चार फिगर असतील तर चारही चेहरे निरखून मगच एक उचलायची, ही रीत त्यातूनच पडली. जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा हातानं रंगवलेल्या पहिल्या नमुन्याचा असतो. कारखान्यात रंगाची दर पायरी खर्च वाढवते, म्हणून नमुन्यातली सावली, ओठांवरची हलकी छटा, भुवयांचे केस यांतलं काही ना काही गळतंच. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात बंदाई आणि हॅस्ब्रो या दोन्ही कंपन्यांनी चेहऱ्यावर थेट डिजिटल छपाई सुरू केली. भिंगातून पाहिलं तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके दिसतात. हातभर अंतरावरून तोच चेहरा जिवंत वाटतो. गेमचं मूळ त्रिमित प्रारूपच संगणकावर मूर्तिकाराच्या हाती यायला लागल्यावर तर लोक पडद्यावरचं दृश्य आणि फिगरचा फोटो शेजारी ठेवून जबड्याची रेघ ताडून बघू लागले. इतक्या फेऱ्यानंतर पारख गणपतीच्या शाळेतल्याच जागी आली: आधी डोळे.

याच काळात दोषालाही किंमत आल्याचं एक उदाहरण घडलं. निन्टेन्डोनं 2014 च्या नोव्हेंबरात अमीबो या छोट्या फिगर आणल्या. त्यांत काही नग चुकीचे निघाले. एका सामसला दोन्ही हातांना तोफा, एका पीच राजकन्येला पायच नाहीत. ऑनलाइन लिलावात हे नग मूळ किमतीच्या कित्येक पटीनं गेले. संग्राहकाच्या बाजारात दर्जा आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्यानं घेणाऱ्यानं त्यांची गल्लत करू नये असं मला कळकळीनं वाटतं. जास्त भावाची फिगर चांगली घडवलेली असेलच असं नाही.

दुर्मिळतेच्या बाजूनं खोक्याला महत्त्व आलं. अमेरिकेत ए. एफ. ए. (ॲक्शन फिगर ऑथॉरिटी) सारख्या संस्था फिगर आणि तिचं वेष्टन तपासून शंभरपैकी गुण देतात आणि ती ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला तरी गुण कापले जातात. इथं कोकणची अडचण सुरू होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, पारदर्शक खिडकीच्या आतून बुरशीची नक्षी चढते. मे महिन्यात निर्दोष असलेला खोका गणपतीपर्यंत तसाच राहील याची हमी नाही. म्हणून इथले संग्राहक खोक्याचे गुण मनावर घेत नाहीत आणि फिगर उघडून ठेवतात. हे बरोबरच आहे, आणि त्याला रसायनाचाही आधार आहे.

पी. व्ही. सी. हे प्लास्टिक मुळात कडक. ते मऊ करायला त्यात थॅलेट वर्गातली द्रव्यं मिसळतात. वर्षं गेली की ही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि फिगर चिकट लागते. उष्णता आणि कोंडलेली हवा मिळाली की हे लवकर होतं, म्हणजे बंद खोक्यात अधिक. चिकटा आला तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, मग सावलीत पूर्ण वाळवणं. चिकट फिगरवर धूळ बसली की ती रंगात रुतते, त्यामुळं हे काम लांबणीवर टाकू नये. रंगानं अडकलेला सांधा जोर लावून फिरवला तर आतली खुंटी मोडते. थोडा वेळ गरम पाण्यात धरला की प्लास्टिक मऊ पडतं आणि सांधा सुटतो. खाऱ्या हवेसाठी एकच लक्षात ठेवायचं, स्क्रू किंवा लोखंडी पिन असलेली जुनी फिगर पावसाळ्याआधी कोरडी करून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची. किनाऱ्यावर घेताना म्हणूनच विचारायला हवं की सांध्याची पिन धातूची आहे की प्लास्टिकची.

किमतीचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आय. एस. आय. चिन्ह सक्तीचं झालं. त्या मानकांत वर सांगितलेल्या थॅलेटच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. असली माल महागला तशी बनावट फिगरची चलती झाली. जत्रेतल्या दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत ती सगळीकडे आहे.

बनावट फिगर बहुधा असलीवरूनच साचा काढून केलेली असते. साच्यावरून साचा काढला की आकार किंचित आटतो आणि कडा बोथट होतात, हे मूर्तीच्या कामातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. असलीत कमरेच्या पट्ट्याचं बक्कल वेगळं उठून दिसतं, नकलेत ते पट्ट्यात वितळल्यासारखं होतं. केसांची टोकं जाड येतात, त्वचेला तेलकट चमक असते, दोन साचे जुळतात तिथली रेघ घासलेली नसते, आणि खोका उघडताच उग्र वास येतो. सगळ्यात सोपी खूण तळपायाची किंवा पाठीची: असली फिगरवर तिथं हक्कधारक कंपनीचं नाव आणि बहुधा वर्ष बारीक अक्षरांत उमटवलेलं असतं. विक्रेत्याकडं पैसे भरण्याआधी त्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागावा. जो द्यायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नये.