खपली गव्हाचं खरं कर्तृत्व

परवा दादरला रानडे रोडवरच्या एका दुकानात खपली गव्हाच्या पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री, डायबेटिस बरा करतो’ असं छापलेलं वाचलं आणि डोकंच फिरलं. अहो, खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतंच, सिलिअ‍ॅकच्या (ग्लूटेन न चालण्याचा आजार) पेशंटनं तो विश्वासानं खाल्ला तर आतड्यांची वाट लागेल, आणि डायबेटिस कुठल्याच पोळीनं बरा होत नाही. पण जास्त वाईट ह्याचं वाटलं की ह्या गव्हानं जगासाठी जे खरोखर केलंय, म्हणजे गेरवा ह्या रोगापासून बाकीचा गहू वाचवायला जी मदत केलीय, त्याबद्दल त्या पाकिटावर एक अक्षर नव्हतं.

गव्हावर गेरवा पडतो, काही ठिकाणी तांबेरा म्हणतात. अशा शेतातून चालून आलं की कपड्यांना विटकरी पावडर लागते, ती पावडर म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातला गहू खोडाच्या गेरव्यानं झोपवला होता. गेरवा ढगातून पडतो, पिकाला नजर लागते, असं म्हणणारे अजून भेटतात. दमट हवा त्याला मानवते हे खरं, पण बीजाणू आल्याशिवाय काही होत नाही, आणि ते कुठून येतात हे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी शोधून काढलं: मैदानातल्या उन्हाळ्यात ही बुरशी तगत नाही, ती निलगिरी आणि हिमालयाच्या थंड डोंगरांत टिकते आणि वाऱ्यावर परत खाली येते.

आता ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. बीजाणू पानावर पडला आणि दव मिळालं की त्यातून एक बारीक नळी फुटते, ती पानावर चाचपडत पर्णरंध्र शोधते, आत शिरते, आणि पेशीच्या भिंतीला भोक पाडून एक शोषणारं बोंड आत घुसवते. पेशी फुटत नाही हं, फुगलेल्या फुग्यात बोट खुपसलं तर रबर जसं आत दबतं तसं पेशीचं पातळ आवरण आत दबतं. त्या बोंडातून अन्न ओढायचं आणि उलट बाजूनं आपली प्रोटिन्स पेशीत सोडायची, म्हणजे गव्हाची संरक्षणयंत्रणा गप्प बसते. ह्या बुरशीला जिवंत पेशीच लागते, मेलेल्या पेशीवर तिचं भागत नाही.

प्रतिकारक गव्हाकडे असा एक जीन असतो की त्याचं प्रोटीन पेशीत पहारा देतं. बुरशीचं एक ठराविक प्रोटीन त्यानं ओळखलं की ती पेशी स्वतःच मरून जाते, बुरशी उपाशी राहते, आणि पानावर टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका उरतो, विटकरी पुळी फुटत नाही. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर ह्यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या गेरव्यावर काम करून दाखवलं की पिकातल्या अशा प्रत्येक जीनला बुरशीत एक जोडीदार जीन असतो. बुरशीतला तो जोडीदार बदलला की पहारेकऱ्याला काही दिसतच नाही.

म्हणूनच बुरशीच्याही वेगवेगळ्या रेस, म्हणजे उपप्रकार, असतात. त्या ओळखायला अमेरिकेतल्या मिनेसोटाचे शास्त्रज्ञ स्टॅकमन ह्यांनी १२ गव्हांचा एक संच ठरवला, कोवळ्या रोपांवर बुरशी सोडायची आणि कोणावर कशी पुळी येते त्याला ० ते ४ मार्क द्यायचे. त्या १२ मधला एक आपला खपली! इंग्रजी पेपरांतसुद्धा नाव खपलीच.

खपलीत गेरव्याचा प्रतिकार आहे, पण तो चपातीच्या गव्हात आणायचा कसा? खपलीत २८ गुणसूत्रं, चपातीच्या गव्हात ४२. क्रॉस केला की पोराकडे ३५, त्यातल्या ७ जणांना जोडीच नाही, त्यामुळे दाणा धड भरत नाही. जे काही दाणे हाती लागतात त्यांचा पुन्हा ४२ वाल्याशी क्रॉस, दर वेळी रोपांवर गेरवा सोडायचा आणि स्वच्छ राहिलेली तेवढी पुढे न्यायची. ऑस्ट्रेलियातला खॅपस्टीन हा गहू असाच खपलीपासून झाला. (‘हायब्रीड गहू नको बाई’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं, वाण सुधारणं म्हणजे हे असलं चिकाटीचं काम, आणि जीएम गहू भारतात बाजारात नाहीच.) खपलीतल्या ह्या प्रतिकारातून एसआर१३ आणि एसआर१४ हे जीन ओळखले गेले (एसआर म्हणजे स्टेम रस्ट, खोडाचा गेरवा).

१९९८ मध्ये युगांडात यूजी९९ नावाची रेस सापडली. राय ह्या धान्यातून आणलेल्या एसआर३१ जीनवर जगातले कितीतरी वाण विसंबून होते, तोच तिनं निकामी केला. एसआर१३ मात्र तिला थोपवतो, गरम हवेत तर जास्तच चांगला. २०१७ मध्ये हा जीन नेमका सापडला आणि तो वर सांगितलेल्या पहारेकरी प्रोटीनचाच निघाला.

तरी इथिओपियात एसआर१३ लाही दाद न देणारी रेस आहेच, त्यामुळे आता एकट्या जीनवर भिस्त ठेवत नाहीत, डीएनए मार्कर (जीन रोपात आलाय का हे सांगणारी डीएनएतली खूण) बघून एकाच वाणात दोन-तीन जीन बसवतात, सोबत एलआर३४ सारखा (एलआर म्हणजे लीफ रस्ट, पानाचा गेरवा) जीन, जो पेशी मारत नाही पण गेरव्याची वाढ मंदावतो आणि कित्येक दशकं टिकून आहे. आपण स्ट्रॉबेरी खायला जातो त्या महाबळेश्वरात गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, तिथं गव्हाच्या ओळींवर मुद्दाम गेरवा सोडतात, आणि ज्या ओळी विटकरी पडतात त्या तिथंच बाद.