टाइटरोप, वीस दिवस आणि एक घाईचा निर्णय

दर ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एक ठरावीक निवेदन येतं. अमुक खेळाडूला हाय अँकल स्प्रेन (घोट्याच्या वरच्या भागातली मुरगळ), टाइटरोप शस्त्रक्रिया (हाडं दोऱ्याने बांधायची) व्यवस्थित पार पडली, चार ते सहा आठवड्यांत मैदानावर. चाहते लगेच वेळापत्रक उघडतात, मधला सुट्टीचा शनिवार मोजतात, मोठा सामना कधी आहे ते बघतात, आणि संध्याकाळपर्यंत चार आठवड्यांचे तीन झालेले असतात. हे तीन आठवडे आले कुठून, ते समजायला फार मागे जावं लागत नाही. गेली वीसेक वर्षं पुरतात.

मागचं थोडक्यात सांगायचं तर दुखापत घेऊन खेळणं ही या खेळाची जुनीच रीत आहे. खेळ इतका जीवघेणा झाला होता की १९०५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलले. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत, मधला १९४१ ते १९५२चा काळ सोडला तर, बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती. एकदा बाहेर आलेल्याला पुन्हा आत घेणं अवघड, म्हणून लंगडणारा गडी मैदानातच राहायचा. बंधनं गेली, सवय राहिली. घोटा आवळून टेप मारायची, वरून बुटासकट पुन्हा टेप गुंडाळायची, लागलंच तर वेदनाशामक इंजेक्शन घ्यायचं आणि आत जायचं. याच काळातला एक न्यायनिवाडा पुढे बरीच वर्षं पुरला. कोलोरॅडोत एका खेळाडूचा सामन्यातल्या दुखापतीने मृत्यू झाला, त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली, आणि १९५७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू कर्मचारी नाही, म्हणजे त्याचा घोटा ही मालकाची जबाबदारी नाही. हा मुद्दा लक्षात ठेवायचा, कारण पुढे पैसा आला तेव्हाही तो पूर्णपणे सुटला नाही.

आता दुखापत. नेहमीच्या मुरगळीत घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात. त्यात बर्फ, पट्टी आणि आठवडाभर विश्रांतीने बहुतेक काम होतं. हाय अँकल स्प्रेन त्याच्या वर होतो. नडगीचं जाड हाड आणि शेजारचं बारीक हाड यांना खालच्या टोकाला एकत्र धरून ठेवणारे अस्थिबंध असतात, ते फाटतात. पाऊल गवतात रुतलेलं, मागून कुणाचं तरी सव्वाशे किलोचं अंग पायावर पडलेलं, आणि पाय बाहेरच्या बाजूला पिळला गेलेला, असा तो प्रसंग असतो. पावलाचं हाड पाचरीसारखं त्या दोन हाडांमध्ये शिरतं आणि त्यांना फाकवतं. त्यानंतर प्रत्येक पावलाला, शरीराचं वजन पडलं की, ती दोन्ही हाडं पुन्हा फाकायला बघतात. म्हणूनच हा स्प्रेन विश्रांतीने बरा व्हायला इतका वेळ घेतो. क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, ज्या पायावर जोर देऊन चेंडू फेकायचा, नेमका त्याच पायाला हे झालं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

फाटलेला भाग अस्थिर असेल तर पूर्वी एकच मार्ग होता, स्क्रू. बारीक हाडातून जाड हाडात एक किंवा दोन स्क्रू आडवे बसवायचे, काही आठवडे पायावर वजन द्यायचं नाही आणि दोन-तीन महिन्यांनी पुष्कळदा दुसऱ्या शस्त्रक्रियेत ते स्क्रू काढायचे. चालताना ही दोन हाडं एकमेकांच्या संदर्भात थोडी हलतात, आणि स्क्रूला हलणं माहीत नाही. लवकर वजन दिलं तर तो सैल होतो किंवा मोडतो. कॉलेजचा नियमित हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असल्यामुळे स्क्रू म्हणजे हंगाम संपला, असा सरळ हिशेब होता. या काळातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं उदाहरण व्यावसायिक लीगमधलं आहे. फिलाडेल्फियाच्या एका आघाडीच्या रिसीव्हरचा (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याचा) घोटा डिसेंबर २००४मध्ये गेला, प्लेट आणि दोन स्क्रू बसवले, आणि सात आठवड्यांनी, ६ फेब्रुवारी २००५ला, तो सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, उतरला. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने त्याला खेळायची परवानगी दिलेली नव्हती. त्याने नऊ झेल घेतले, १२२ यार्ड कमावले. संघ हरला, पण लोकांच्या लक्षात झेल राहिले आणि सर्जनचा नकार विसरला गेला. पुढच्या प्रत्येक घाईत हा सामना दाखला म्हणून निघतो.

त्याच सुमाराला डब्लिनमध्ये काही सर्जन दुसऱ्या दिशेने विचार करत होते. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेत धातूचं छोटं बटण आणि धागा वापरायची पद्धत होतीच, तीच घोट्याला का लावू नये? २००३ ते २००५च्या दरम्यान त्यांचे पहिले निष्कर्ष छापून आले आणि एका अमेरिकी कंपनीने टाइटरोप या नावाने ते उपकरण बाजारात आणलं. दोन्ही हाडांतून आरपार साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचं भोक पाडायचं, आतल्या बाजूला एक लांबट बटण, बाहेरच्या बाजूला एक गोल बटण, आणि त्यांच्यामध्ये कृत्रिम तंतूचा मजबूत दोरा घट्ट ओढलेला. हाडं जागेवर राहतात, पण त्यांची नैसर्गिक हालचाल मारली जात नाही. ते सहसा काढावंही लागत नाही. २०१८मध्ये नॉर्वेतून ९७ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दोन वर्षांनंतर बटणवाल्या रुग्णांचे घोटे एका स्क्रूवाल्यांपेक्षा चांगले निघाले.

इथे एक गोष्ट बारकाईने बघायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ते ९७ जण सामान्य रुग्ण होते, आणि त्यांचा निकाल दोन वर्षांनी मोजला होता. दोरा हाडांना धरून ठेवतो, अस्थिबंध मात्र आपल्याच गतीने जुळतो. त्याला शनिवार कळत नाही. टाइटरोपने बरं होण्याचा काळ कमी झाला नाही. बरं व्हायच्या आत पायावर उभं राहता येऊ लागलं, एवढाच फरक पडला. संघांच्या निवेदनांत मात्र या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवल्या जातात.

कॉलेज फुटबॉलमध्ये हा आकडा घरोघरी पोचवला अलाबामा विद्यापीठाच्या डावखुऱ्या क्वार्टरबॅकने. १ डिसेंबर २०१८ला अटलांटात, परिषदेच्या (म्हणजे कॉलेज संघांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात, त्याचा डावा घोटा गेला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. २७ दिवसांनी, २९ डिसेंबरला, ऑरेंज बोलच्या उपान्त्य सामन्यात त्याने २७पैकी २४ पास पूर्ण केले, चार टचडाउन फेकले आणि ओक्लाहोमाला हरवलं. त्या रात्रीनंतर टाइटरोप म्हणजे जादू, असं वातावरण झालं. नऊ दिवसांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्लेमसनकडून ४४-१६ अशी हार झाली, पण तिचा संबंध कुणी घोट्याशी फारसा जोडला नाही.

मग १९ ऑक्टोबर २०१९. टेनेसीविरुद्ध त्याचाच उजवा घोटा गेला. २० ऑक्टोबरला शस्त्रक्रिया. पुढच्या शनिवारी बदली क्वार्टरबॅकने आर्कान्साला ४८-७ असं धुतलं, त्यानंतरचा शनिवार रिकामा, आणि ९ नोव्हेंबरला समोर एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठ. दोन्ही संघ अपराजित, राष्ट्राध्यक्ष प्रेक्षकांत. वीस दिवसांच्या घोट्यावर तो उतरला. पहिल्याच चढाईत धावताना कुणाचा हात न लागता चेंडू त्याच्या हातातून निसटला. मध्यंतराला धावफलक ३३-१३. नंतर त्याने जे केलं ते थक्क करणारं होतं. एकूण ४१८ यार्ड, चार टचडाउन, शेवटी ४६-४१ असा निसटता पराभव. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो उघड लंगडत होता. तरीही या सामन्यात खेळवण्याच्या निर्णयाबद्दल मी फार तक्रार करणार नाही. हंगाम त्या एका सामन्यावर टांगलेला होता, खेळाडूला खेळायचं होतं, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला होता. घाई होती, पण निदान कशासाठी ते कळत होतं.

वादाचा निर्णय त्याच्या पुढच्या आठवड्यातला आहे. १६ नोव्हेंबर, स्टार्कव्हिल, मिसिसिपी स्टेट. प्रतिस्पर्धी चार सामने जिंकलेला आणि पाच हरलेला. बदली क्वार्टरबॅक आर्कान्साविरुद्ध तयार झालेला. आठवडाभर सराव कमी, सामन्याच्या दिवशी ठरवू असं प्रशिक्षकांचं उत्तर. मग त्याला उतरवलंच का? कारण चार दिवसांपूर्वी निवड समितीच्या यादीत अलाबामा पाचव्या क्रमांकावर होती आणि प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीला, चारच संघ जाणार होते. हरलेल्या संघाला नुसतं जिंकून भागत नाही, दणकून जिंकावं लागतं, असा तेव्हाचा समज होता आणि तो अगदीच चुकीचाही नव्हता.

दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटाकडे अलाबामा ३५-७ अशी पुढे होती. प्रशिक्षकांनी नंतर सांगितलं की ती त्याची शेवटची चढाई ठरणार होती. मध्यंतरापूर्वीच्या घाईच्या चढाईचा सराव व्हावा म्हणून त्याला ठेवलं होतं. त्याच चढाईत दोन बचावपटू मागे लागले, चेंडू सोडता सोडता त्याला मागून खाली पाडलं, वाकलेला उजवा गुडघा जमिनीवर आपटला आणि मांडीचं हाड खुब्याच्या वाटीची मागची कड फोडून बाहेर निसटलं. कार अपघातात डॅशबोर्डवर गुडघा आदळल्यावर खुबा निखळतो, तोच हा प्रकार. त्याला हेलिकॉप्टरने बर्मिंगहॅमला नेलं, दोन दिवसांनी ह्यूस्टनमध्ये शस्त्रक्रिया झाली.

प्रशिक्षकांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा: घोटा आणि खुबा यांचा संबंध नाही, हा अपघात कुणालाही झाला असता, आणि खेळाडूला घाबरून बाकावर बसवायचं तर रोजच बसवावं लागेल. पहिला भाग मान्य करावा लागतो. घोट्यामुळे खुबा निखळला, असं म्हणायला आधार नाही. पण प्रश्न त्या टॅकलचा नाही. २८ गुणांची आघाडी, शस्त्रक्रियेला चार आठवडेही झालेले नाहीत, पळून सुटका करून घेण्याचं त्याचं मुख्य अस्त्र निम्म्यावर आलेलं, आणि तेवढ्यात सरावासाठी आणखी एक चढाई. यात सरावाचा फायदा संघाला होता आणि धोका एकट्याचा होता. ज्या बदली खेळाडूवर त्या दिवशी भरवसा टाकायचा नव्हता, त्यानेच पुढच्या वर्षी १३ पैकी १३ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. हे मागाहून सुचलेलं शहाणपण आहे हे कबूल. पण आर्कान्साचा ४८-७ तर आधीच समोर होता.

खेळाडू सावरला आणि एप्रिल २०२०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पाचवा निवडला गेला. त्यामुळे सगळं ठीकच झालं, असा शेरा मारून बऱ्याच जणांनी विषय मिटवला. विषय मिटला नव्हता, हे जानेवारी २०२१मध्ये दिसलं. त्याच संघाच्या रिसीव्हरचा घोटा २४ ऑक्टोबरला नॉक्सव्हिलमध्ये पहिल्याच किकऑफला मोडला होता. ७९ दिवसांनी तो राष्ट्रीय अंतिम सामन्यात उतरला, तीन झेल घेतले आणि प्रत्येक झेलानंतर लंगडत परत आला. सामना ५२-२४ असा एकतर्फी सुटला. त्या तीन झेलांची गरज नव्हती. तोही ड्राफ्टमध्ये सहावा गेला, म्हणजे पुन्हा तेच, बघा काही बिघडलं नाही.

कागदावर हा निर्णय प्रशिक्षकांचा नसतोच. जानेवारी २०१६मध्ये पाच मोठ्या परिषदांनी नियम केला की खेळाडू कधी परतणार हे संघाचे डॉक्टर आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर ठरवतील आणि प्रशिक्षकाला त्यात ढवळाढवळ करता येणार नाही. नियम चांगला आहे. पण डॉक्टरांची परवानगी म्हणजे खेळता येईल, खेळवायलाच हवं असं नाही. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी द्यायचं, त्यावर नियम गप्प आहे. तिथे खेळाडू स्वतःच हात वर करतो, आणि वीस वर्षांच्या पोराच्या हो म्हणण्याला संमती म्हणायचं की दुसरं काही, यावर मला तरी शंका आहे.

खेळाडूंनी आपला हिशेब मात्र मांडायला घेतला होता. १ जानेवारी २०१६ला नोत्र दामच्या एका लाइनबॅकरचा (बचावपटूचा) गुडघा फिएस्टा बोलमध्ये गेला आणि पहिल्या पाचांत धरला गेलेला तो ड्राफ्टमध्ये ३४वा गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एलएसयूच्या रनिंग बॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्याने), ज्याचा घोटा अख्खा हंगाम कुरकुरत होता, हंगामाअखेरचा बोल सामना खेळायला नकार दिला. तेव्हा त्याला स्वार्थी म्हणणारे कमी नव्हते. आज अशा नकाराची बातमीसुद्धा दोन ओळींची होते. प्लेऑफमध्ये असलेल्या संघातल्या खेळाडूला मात्र ही पळवाट नाही. २०२३मध्ये जॉर्जियाच्या टाइट एंडची (चेंडू झेलणाऱ्या आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या खेळाडूची) १६ ऑक्टोबरला टाइटरोप झाली आणि चार ते सहा आठवडे सांगितलेला तो २६ दिवसांत परतला.

त्याच हंगामात निवड समितीने एक असा पायंडा पाडला की त्यामुळे घाईला नवं कारण मिळालं. १८ नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटच्या क्वार्टरबॅकचा डावा पाय घोट्यापाशी मोडला. संघ उरलेले सामनेही जिंकला, १३-० झाला, परिषदेचा विजेता ठरला, आणि ३ डिसेंबरला पाचव्या क्रमांकावर ढकलला गेला. क्वार्टरबॅकविना हा वेगळाच संघ आहे, असं समितीचं म्हणणं. त्या मुलाने जाहीरपणे लिहिलं की आपला पाय हंगामात आणखी आधी मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे संघ आपल्याविना काय आहे ते तरी दिसलं असतं. तो पुढे व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना न खेळता एप्रिल २०२५मध्ये, चोविसाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सल्ल्याने निवृत्त झाला. जखमी खेळाडू बाकावर बसला तर अपराजित संघही बाहेर जातो, हे एकदा सिद्ध झाल्यावर कुठला प्रशिक्षक स्टारला सहा आठवडे शांतपणे बसवेल?

२०२४पासून प्लेऑफ १२ संघांचा झाला. एक पराभव आता जीवघेणा नाही, म्हणून ऑक्टोबरात थोडी सबुरी दाखवता येते. पण विजेत्याला १६-१६ सामने खेळावे लागतात आणि अंतिम सामना जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत लांबतो. जुलै २०२५पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजाला एकूण सुमारे दोन कोटी डॉलरच्या मर्यादेत. ज्याला पैसे मोजले तो बाकावर बसलेला देणगीदारांना किती रुचेल, ते येत्या हंगामांत कळेल. कर्मचारी आहे की नाही, हा १९५७चा प्रश्न तरीही तसाच उघडा आहे.

दुखापतींची माहिती जाहीर करायची सक्तीही आली आहे. बिग टेन परिषदेने २०२३मध्ये आणि अलाबामाच्या एसईसी परिषदेने २०२४मध्ये ती आणली, आणि दोन्हीकडे खरं कारण सट्टा होतं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडासट्टा मोकळा करून दिल्यापासून आतल्या गोटातल्या बातमीला किंमत आली होती. एसईसीत परिषदेच्या सामन्याच्या तीन दिवस आधीपासून यादी द्यावी लागते, शेवटची यादी किकऑफच्या ९० मिनिटं आधी, आणि लपवाछपवी केली तर दंड २५ हजार डॉलरपासून सुरू होतो. खेळाडू उपलब्ध आहे की साशंक, एवढंच त्या यादीत असतं. शस्त्रक्रियेला किती दिवस झाले ते सांगायचं बंधन कुणावर नाही.