७८६ ची नोट आणि लाखांचा निरोप

‘शेवटी ७८६ असलेली नोट किंवा वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतात,’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. घरात जुन्या नोटा-नाण्यांचा डबा असला की तो खरा वाटणं साहजिकच आहे.

जरा हिशोब करू. नोटेवर अक्षरांपुढे सहा आकडे असतात. म्हणजे दर हजार नोटांत एकीच्या शेवटी ७८६ येणारच. दहा लाखांच्या मालिकेत अशा हजार. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्यांना यात नवल ते काय! हौशी गिऱ्हाईक चार पैसे जास्त देईल, इतकंच. देवीचं नाणं तर २०१२ चं, चलनासाठीच काढलेलं.

किंमत ठरते दुर्मिळता, अवस्था आणि मागणीवर. १९३८ चा चांदीचा रुपया सहज सापडतो, १९३९ चा फार क्वचित. म्हणून त्याचे बनावटही फिरतात. भिंगाखाली शेवटचा ९ नीट पाहा, काट्यावर वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरतंय का तेही बघा. आणि कृपा करून चिंचेने घासू नका. लखलखीत नाण्याला संग्राहक कमीच भाव देतो.

जाहिरातीतला आकडा ही फक्त विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते. लिलावात तसंच नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं, ते शोधा. सराफ बाजारात चांदीचा भाव कळेल, संग्राहकाचा नाही. त्यासाठी दोन-तीन नाणेविक्रेत्यांना दाखवा. ‘आधी नोंदणी फी भरा, मग लाख देतो’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.