'ना' कुठे हरवला? पुण्यातल्या तबलाशिक्षणाची पार्श्वभूमी

तबल्याचं 'ना' हे अक्षर वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) काठावरच्या पट्टीवर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकेच टेकलेली असते. ती उचलली गेली तर पुडीचा घुमारा मोकळा सुटतो आणि 'ना' त्यात बुडतो. जास्त दाबली तर आवाज बसतो. नादाची निम्मी किल्ली या न वाजणाऱ्या बोटात आहे.

यामागचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं. नुसत्या ताणलेल्या कातड्याची कंपनं एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. शाईच्या वजनामुळे ती त्या नात्यात येतात, म्हणून तबला स्वरात लावता येतो. बुजुर्गांच्या बोटांना हे त्याआधीच उमगलेलं होतं.

जुनी तालीम समोरासमोरची. एकेक अक्षर गुरूच्या कानाला पटेपर्यंत घासायचं, मग पुढचं. अशा तालमीतून आलेले तबलावादक अहमदजान थिरकवाँ बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवत, त्यामुळे तयार तबल्याचा नाद मराठी प्रेक्षकांच्या कानांवर थेट रंगभूमीवरून पडला.

त्याच काळात शिक्षण घराण्यातून संस्थेत येत होतं. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. प्रारंभिक ते अलंकार अशी परीक्षांची वाट रुळली. हे फार मोठं काम होतं. ज्यांच्या घरात कधी वाद्य आलं नव्हतं, त्यांनाही विद्येचं दार उघडलं.

पण कागदावर 'धा' लिहिता येतो, तो कसा निघाला हे लिहिता येत नाही. परीक्षेची तयारी म्हणजे कायदा (ठरावीक बोलांची रचना), पलटे (तिचे फेरफार), तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), दुप्पट-चौपट लय, कारण ते पाठ करून घेता येतं आणि मोजता येतं. निकास, म्हणजे अक्षर बोटातून कसं निघतं ते, मागे पडला. त्यात एका खोलीत दहा मुलं एकदम वाजवू लागली की स्वतःचा 'ना' कुणालाच ऐकू येत नाही. मग प्रत्येकजण जोर लावतो, मनगट ताठ होतं आणि बोटाखालचा नाद मरतो.

म्हणून आमच्या सदाशिव पेठेतल्या क्लासात पहिली पंधरा मिनिटं एकेकानेच वाजवायचं असतं, फक्त 'ना' आणि 'तिं'. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. जुलैच्या दमट हवेत पुडी उतरलेली असते, तेव्हा आधी हातोडी घेऊन पुडीच्या कडेची सोळाही घरं (वादीच्या पट्ट्यांमधल्या जागा) एका स्वरात आणायची, मग बोट ठेवायचं. गेल्या आठवड्यात एका दहा वर्षांच्या मुलाचा 'ना' सारखा घुमत होता. मी काही बोलायच्या आत शेजारची मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "अरे, तुझी अनामिका उचलली जातेय."